दुखवटा काढायला हॉटेल शोधलं तो दिवस

हायवेला जेवायला कुठे थांबायचं ते माझ्यावर सोडायचं, असं आमच्या घरात पहिल्यापासून होतं. मी टेम्पोवाला. हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांतून माल भरायचा आणि वापी-सुरतेला टाकून यायचं, यात माझी सगळी उमर गेली. शिकलो चौथी. पण काशीमिऱ्याच्या नाक्यापासून पुढे कुठल्या ढाब्यावर डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी आणि कुठे रोटी नीट शेकलेली मिळते, हे मी झोपेत सांगितलं असतं. माझी पारख सोपी होती. जिथे ट्रक जास्त उभे, तिथे जेवण बरं.

बायकोची पारख वेगळी. गावाला जाताना कुठे थांबलो की ती गाडीतून उतरून सरळ मागच्या बाजूला जायची. मोरी बघायची, संडास बघायची. नाक मुरडून परत आली की पोरांना पुन्हा गाडीत कोंबायचं आणि पुढचं हॉटेल शोधायचं.

मी चिडायचो. "जेवायला आलोय की संडासात राहायला?"

"ज्याला मागची बाजू धुवायची अक्कल नाही, तो आत काय धुऊन शिजवत असेल?" ती म्हणायची. "आणि तुम्हा पुरुषांचं काय जातंय? गाडीच्या आडोशाला उभे राहाल. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही, ठाऊक आहे?"

मी गाडी पुढे घ्यायचो. सून घरात आली तेव्हा बायकोने तिलाही हेच शिकवलं. मग दोघी मिळून मागे जायच्या आणि दोघी मिळून नाक मुरडायच्या.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा आषाढात बायको गेली. किडनीचं दुखणं होतं. शेवटचे महिने डॉक्टरने मीठ तोडलं होतं. आमचं कालवण व्हायच्या आधी तिची वाटी वेगळी काढायची, बिनमिठाची. मी एकदा विचारलं, "कसं लागतं गं?" म्हणाली, "काहीच लागत नाही. गिळायचं." एवढंच. पुढे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी जेवत होतो. लोकांना वाटतं दुःखात माणूस जेवत नाही. मी जेवायचो, ताटात पडेल तेवढं संपवायचो. फक्त बोलायचो नाही. आधी माझ्या तोंडाला सगळं घर भ्यायचं. आमटीत मीठ कमी, भाकरी जाड, भात चिकट, रोज काहीतरी. बायको म्हणायची, "रोज परीक्षेला बसायचं आणि रोज नापास व्हायचं, हे माझं नशीब." आता सून वाढायची, मी खाली मान घालून खायचो आणि ताट मोरीत ठेवायचो. एकदा तिला मुलाशी बोलताना ऐकलं, "बाबा जेवणाला नावं का ठेवत नाहीत हो? एकदा ठेवू देत, मी बिल्डिंगभर पेढे वाटते." मुलगा म्हणाला, "हळू बोल." मी ऐकलं ते त्यांना कळलं नाही.

आमच्या रायगडाकडे रीत आहे. बाई गेली की तेरावं झाल्यावर तिच्या माहेरच्यांनी नवऱ्याचा दुखवटा काढायचा. त्याला आपल्या घरी न्यायचं, डोक्यावर टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि तिखटाचं जेवण घालायचं, म्हणजे मासळी नाहीतर मटण. तोपर्यंत घरात मासळी शिजत नाही. चूल माहेरची पाहिजे. आपल्या चुलीवर शिजवून आपला दुखवटा निघत नाही. आणि पहिला घास ज्याचा दुखवटा त्याने घ्यायचा. त्याच्याआधी रांधणाऱ्यानेसुद्धा चाखून बघायचं नाही.

तिच्या माहेरचा म्हणून एकच उरला होता. तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. महाडच्या पुढे गावाला असतो, शेती बघतो. त्याच्या घरी नेमका त्याच आठवड्यात नातू झाला. म्हणजे घरात सोयर. सोयराच्या घरात दुखवटा काढायचा नाही. सोयर फिटेपर्यंत श्रावण लागणार. श्रावणात तिखट नाही, त्याला लागून गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. माझं म्हणणं होतं, राहू दे. मला घाई नव्हती. खरं सांगायचं तर मला तो काढायचाच नव्हता. मासे खाल्ले, टोपी घातली, म्हणजे ती गेली ते मी कबूल केलं असं झालं असतं.

श्रावणाच्या आधीचा रविवार. सकाळी मेहुणा दारात उभा. हातात कापडाची पिशवी.

"भावजी, कपडे घाला. जेवायला जायचंय."

"कुठे?"

"हॉटेलात."

"हॉटेलात दुखवटा काढतात?"

"लग्नं लागतात हॉलमध्ये, बारसं होतं हॉटेलात. दुखवट्याने काय घोडं मारलंय? पैसे मी देणार, म्हणजे चूल माझी."

"तू येडा झालायस. मला नाही काढायचा. वर्षभर राहू दे."

तो खुर्चीत बसला. पिशवी मांडीवर घेतली. सुनेने पाणी आणलं ते तसंच हातात धरून राहिला. मग म्हणाला, "भावजी, आक्काला शेवटची साडी नेसवली ती मी आणलेली. त्याच्यानंतर तिचं माझ्या हातून करायचं एवढंच राहिलंय. आणि माझा पण आता भरवसा नाही, दोनदा छातीत दुखून झालंय. वर्षभर थांबा म्हणता, मी थांबेन. पण मी थांबलो नाही तर कोण करणार? मग आक्काचं राहिलं ते राहिलंच."

मी मुलाकडे बघितलं. मुलगा गाडीची चावी घेऊन उभा. सून म्हणाली, "बाबा, चला ना. मामा एवढ्या लांबून आलेत." मी शर्ट घातला.

आम्ही सिल्व्हर पार्कला राहतो. तिथून नाका ओलांडला की हायवे. मुलाची सेकंडहँड व्हॅन होती, पुढे तो आणि मी, मागे मेहुणा आणि सून. मेहुण्याने पिशवीतून टोपी काढून सुनेला दाखवली, टॉवेल दाखवला, गंधाची छोटी डबी दाखवली. सगळी तयारी करून आला होता. फक्त हॉटेल बाकी होतं.

"बाबा, कुठे घेऊ?" मुलाने विचारलं.

मी म्हटलं, नाक्याच्या पुढे डाव्या हाताला आपला जुना ढाबा आहे, खाटा टाकलेल्या असतात, कोंबडी एक नंबर. टेम्पो सोडून मला काही वर्षं झाली होती, हे मी हिशेबात धरलं नाही. जाऊन बघतो तर खाटा नाहीत, झाड नाही. दुमजली इमारत, काळ्या काचा, आणि वर मोठा बोर्ड, फॅमिली रेस्टॉरंट अँड बार. ट्रक एकही नाही. चकचकीत गाड्या.

"फॅमिली लिहिलंय," मेहुणा म्हणाला. "चला."

दारातल्या वॉचमनने आमच्याकडे बघितलं. मी धोतरात, मेहुणा पायजम्यात, सून डोक्यावरून पदर घेऊन. म्हणाला, "फॅमिली ऊपर है." वर गेलो. भर दुपारी आत काळोख. लाल दिवे. सून नेहमीसारखी मोरी बघायला मागे गेली. आम्ही तिघे सोफ्यावर टेकलो, मऊ इतका की मेहुणा आत रुतला.

"भावजी, पूर्व कुठे?" तो विचारतो. मला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं होतं त्याला.

"इथे खिडकी नाही, पूर्व कुठून आणू?"

तेवढ्यात सून परत आली ती जवळजवळ पळतच. तिच्या मागे एक बाई. टिकल्यांची साडी, तोंडाला पावडर, पायात मात्र घरातली रबरी चप्पल. कामाला बसायच्या आधी केस विंचरत असावी, फणी हातातच होती. ती माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "भाभी, यहाँ मत बैठो. ये वैसा फॅमिली नहीं है. आप लोग आगे जाओ." मग मेहुण्याच्या हातातली टोपी बघितली आणि विचारलं, "कोई गुजर गया क्या?"

सून म्हणाली, "मेरी सास."

त्या बाईने फणी खाली केली आणि माझ्याकडे वळून हात जोडले. कुणाची कोण. आम्ही उतरलो.

गाडीत बसल्यावर मेहुणा म्हणाला, "बाई चांगली होती हो." मग मुलगा हसला, मग सून हसली. मेहुणा म्हणाला, "आक्का असती तर मला त्या सोफ्यासकट बाहेर काढलं असतं."

पुढचं हॉटेल मी ट्रक बघून घेतलं. ट्रक होते, टेम्पो होते, मोटारसायकली होत्या. पण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. तो गटारीचा दिवस. श्रावणात महिनाभर दारू-मटण बंद, म्हणून आख्खं मीरा-भाईंदर महिनाभराचं आदल्या दिवशी पिऊन घ्यायला हायवेला आलेलं. टेबलाला टेबल लागलेलं, बाटल्या खाली पडलेल्या, वेटर ओरडतोय, गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडतंय. सून मागे जाऊन आली आणि नुसती मान हलवली. तिथे जाण्यासारखं काही नव्हतं.

मेहुणा ऐकेना. "कोपऱ्यात बसू. मटण तर आहे ना?"

कोपऱ्यात एक जाडा माणूस एकटाच पीत होता. त्याने आम्हाला जागा दिली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घ्या काका. आज नाही तर कधी?"

मेहुणा म्हणाला, "दुखवटा आहे हो आमचा."

"कुणाचा?"

"माझी बहीण. यांची बायको."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम माझ्या गळ्यात पडला. "काका, माझी आई पण अशीच गेली हो. मी इथेच बसलेलो होतो, ह्याच टेबलावर. मला फोन आला आणि मी उचलला नाही." आणि तो रडायला लागला. मोठमोठ्याने. सगळं हॉटेल बघायला लागलं. बायको गेल्यापासून मी रडलो नव्हतो आणि हा परका माणूस माझा खांदा भिजवत होता. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. दुसरं काय करणार? वेटर येऊन म्हणाला, "साहब, ये रोज रोता है." तिथूनही उठलो.

तिसरं हॉटेल मोठं, स्वच्छ, ए.सी. बाहेर लोक नंबर लावून उभे. सून मागे जाऊन आली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. "बाबा, आईंना आवडलं असतं. हात धुवायला साबण आहे, आरसा आहे." पण शुद्ध शाकाहारी.

"पनीर घेऊ," मुलगा म्हणाला. "पनीर पण तिखट करतात, मामा."

मेहुणा त्याच्याकडे गर्रकन वळला. "तुझ्या आईचा दुखवटा मी पनीरने काढू?"

एव्हाना दुपार कलायला आली होती. गाडी पुढे घेतली, घोडबंदर रोडला वळवली. दोन ठिकाणं बघितली, दोन्हीकडे गटारी. मुलाने गाडी चेणे गावाच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याशेजारी उभी केली. भुरभुर पाऊस होता. मी म्हटलं, "झालं एवढं पुरे. घरी चला. सून डाळभात टाकील."

मेहुणा उतरला आणि व्हॅनच्या पायरीवर बसला. पिशवी छातीशी. भांडला असता तर मी भांडलो असतो. तो नुसता रस्त्याकडे बघत बसला. साठीच्या पुढचा माणूस, केस पांढरे, आणि मला तो पहिल्यांदा बघितला तसा दिसला. आमच्या लग्नात तो असाच मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता, कारण त्याची आक्का जाणार होती.

तेवढ्यात सून मला म्हणाली, "बाबा, मला जरा जायचंय." सकाळपासून तिनेही पाणी घेतलं नसणार. पंक्चरवाल्याच्या मागे एक घर होतं, पत्र्याची शेड पुढे काढलेली. तिथे एक बाई उकिडवी बसून मासे साफ करत होती. सुनेने लांबूनच विचारलं.

"ये गो बाय," ती म्हणाली. "पाठी जा. पानी भरलेला हाय."

सून गेली ती लवकर येईना. आली ती वेगळंच तोंड घेऊन. "बाबा, या बघायला. मोरी अशी घासलीय की खाली बसून जेवावं. पाण्याच्या पिंपाला झाकण आहे. ह्यांची खानावळ आहे."

बाई म्हणाली, "खानावल हाय, पन आज बंद. रेतीवाले ड्रायवर समदे गटारीला पलाले. हे आमचे घरापुरते." तिच्यापुढे टोपलीत निवट्या होत्या. खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे. राखेत चोळून चोळून ती त्यांचा चिकटा काढत होती.

मेहुणा पायरीवरून उठला. तो शेडमध्ये आला, टोपलीत बघितलं आणि म्हणाला, "निवट्या."

सुनेने बाईला सगळं सांगितलं. माहेरची चूल, सोयर, श्रावण, सगळी हॉटेलं. बाईने हातातलं काम न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "मंग माजे हातचा कसा चालंल? हाटेलवाल्याचे हातचा तरी कसा चालनार होता?" आणि मेहुण्याला विचारलं, "तुमाला रांधता येतं?"

"तरुणपणी मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत होतो. पाळीने रांधायचो."

मी म्हटलं, "याच्या पाळीला सगळी खोली उपाशी असायची."

"ती कोपऱ्यातली चूल घ्या," बाई म्हणाली. "आजचे दिस ती चूल तुमची. निवट्या माज्या, मसाला माजा, भाकरी मी भाजते. पन कालवनाला हात तुमी लावायचा. तू नको गो," सून पुढे झाली तिला तिने अडवलं, "तू दुखवट्याचे घरची."

मेहुण्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि चुलीपुढे बसला. लाकडं ओली, धूर झाला, डोळे चोळत फुंकत बसला. बाईने वाटण दिलं, आमसुलं दिली. तो फोडणी करता करता बोलायला लागला. मला वाटतं बाईशीच बोलत होता, आमच्याशी नाही.

"आमच्या गावच्या खाडीत आक्का निवट्या पकडायची. परकर खोचून मांडीएवढ्या चिखलात. तिच्याइतक्या गावात कुणाला मिळायच्या नाहीत. बिळात हात घालायचा, दुसऱ्या तोंडाशी दुसरा हात धरायचा. एकदा मी तिच्या मागे गेलो आणि कमरेपर्यंत रुतलो. रडायला लागलो. ती म्हणाली, रडू नको, हलू नको, आडवा पड. चिखलात आडवा पड. आणि मला लाकडासारखं ओढत किनाऱ्याला आणलं. घरी आल्यावर आईने दोघांना मारलं. तिला जास्त."

मी शेडच्या खांबाला टेकून ऐकत होतो. इतकी वर्षं संसार केला. ती निवट्या पकडायची हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात तिने कधी निवट्या आणल्या नाहीत. आणायच्या कुठून? आमच्या मजल्यावर सुकट भाजली तरी शेजारचा दरवाजा लागायचा. पण सांगायला काय झालं होतं? मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नसेल. मी तिच्या भाकरीची जाडी बघत बसलो.

कालवण उकळलं. वास आला. मुलगा म्हणाला, "मामा, बघा चाखून." मेहुणा आणि ती बाई एकदमच म्हणाले, "चाखायचं नाही."

बाईने जमिनीवर पाट मांडला. पूर्व कुठे ते तिला विचारावं लागलं नाही, तिने पाट मांडतानाच बघून मांडला. मी बसलो. मेहुण्याने बोटाने गंध लावलं, टोपी घातली. टोपी मोठी झाली, कानावर आली. टॉवेल खांद्यावर टाकला. सुनेने डोळ्याला पदर लावला. ताटात भाकरी, बाजूला कालवण, लाल, वर तेल आलेलं. सगळे उभे. मी खाल्ल्याशिवाय कुणी बसणार नव्हतं.

मेहुणा माझ्यासमोर बसला. "घ्या भावजी."

मी हात पुढे केला नाही. मला वाटलं होतं एवढं झालं तर उरलेलं होऊन जाईल, पण हात मांडीवरून उठेना. मेहुण्याच्या हाताला राख होती, डोळे धुराने लाल झाले होते. चुलीपुढे बसून त्याला धाप लागली होती. मला त्याने सकाळी सांगितलेलं आठवलं, दोनदा छातीत दुखून झालंय.

मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, निवटीचा एक लचका घेतला आणि तोंडात घातला.

अळणी. मिठाचा एक कण नाही.

मी चावत राहिलो. मेहुणा गोष्टी सांगत राहिला होता, बाईला वाटलं त्याने घातलं, त्याला वाटलं मसाल्यात असेल, आणि चाखायचं कुणी नाही. मी ते चावत होतो आणि मला कळलं की असं लागतं. शेवटचे महिने ती हे खात होती. काहीच लागत नाही, गिळायचं. मसाला असतो, आंबट असतं, वास असतो, आणि तरी तोंडात काही नसतं. मी रोज तिच्या शेजारी बसून माझं ताट चाटून पुसून खाल्लं होतं, तिच्या वाटीतला एक घास कधी घेतला नव्हता. तो आता घेतला. मी घाईने नाही गिळला. जेवढा वेळ चावता येईल तेवढा चावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते टोपीखालून कुणाला दिसलं नसेल असं मला वाटलं, पण सगळ्यांना दिसलं.

"तिखट झालं का भावजी?" मेहुणा घाबरून म्हणाला.

मी घास गिळला. तोंड पुसलं.

"तिखट कुठलं? अरे, मीठ घातलंस का त्यात?"

मेहुण्याने चुलीकडे बघितलं, मग बाईकडे बघितलं. बाईने कपाळावर हात मारला. "अगो बाय! मीठ!"

"इतक्या लांबून आलास दुखवटा काढायला," मी म्हटलं, "आणि बिनमिठाचं वाढतोस? खोलीतल्या लोकांनी तुला जिवंत कसा सोडला?"

मागून आवाज आला म्हणून बघितलं तर सून तोंडावर हात धरून हसत होती आणि रडत होती, दोन्ही. मुलाच्या दंडाला धरून म्हणत होती, "ऐकलंत? ऐकलंत ना?" मुलगा मान वळवून पंक्चरवाल्याकडे बघत उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

मेहुण्याचं मात्र तोंड उतरलं. "पहिला घास अळणी गेला. मग हे झालं की नाही झालं? भावजी, आक्काचं मी बिघडवलं काय?"

मी त्याला कसं सांगणार होतो की हा घास त्याने जाणूनबुजून रांधला असता तरी याहून नीट झाला नसता? बाईच बोलली. तिने मिठाची बरणी आणून ताटापाशी ठेवली.

"अलनी गेला तं गेला. पोटात गेला ना? आता दुसरा खारा घ्या. आनि तुमी पन बसा मामा, ते थकलेत नि तुमी पन."

मेहुण्याने चिमूटभर मीठ घेतलं, माझ्या वाटीत टाकलं आणि बोटाने ढवळलं. मग पातेल्यात टाकलं. मग तो बसला, मुलगा बसला, सून बसली, शेवटी बाईही तिची भाकरी घेऊन बसली. आता तिथे रस्ता रुंद झालाय, शेड नाही, घरही नाही. मी मध्ये एकदा मुलाला गाडी थांबवायला लावून बघितलं होतं. मोरी होती त्या जागेवर दुभाजकाची झाडं लावलीत.

मी दुसरा घास घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मेहुण्याने तर हातातला तुकडा तसाच धरला होता.

मीठ बरोबर होतं. निवटी जरा जास्त शिजली होती. तेही मी त्याला सांगितलं.